रिकाम्या मंगळवारच्या वतीने: मंडळीच्या पाळकांना आणि वडीलजनांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि वडीलजनहो,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

येत्या काही आठवड्यांत तुम्ही नव्या वर्षाची कार्यक्रमपत्रिका आखायला बसाल. ही बैठक कशी चालते ते मला ठाऊक आहे. अकरा वर्षं मी तिथे वही घेऊन बसले आहे. गेल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवायचा, त्यातलं काहीही वगळायचं नाही आणि मोकळ्या दिसणाऱ्या चौकटींत नवं काहीतरी बसवायचं. बुधवारी प्रार्थनासभा, शुक्रवारी उपवास-प्रार्थना, शनिवारी गायकवृंदाचा सराव, रविवारी उपासनेआधी संडे स्कूल आणि उपासनेनंतर कुठली ना कुठली कमिटी. मधल्या दिवसांत घरोघरच्या सभा. मग कुणीतरी म्हणतं, "मंगळवार रिकामा दिसतोय." हे वाक्य त्या बैठकीत नेहमी तक्रारीच्या सुरात म्हटलं जातं. मीही म्हटलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

हे पत्र त्या रिकाम्या मंगळवारच्या वतीने लिहिते आहे.

आधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी संडे स्कूलच्या लहान वर्गाला मी वादळाचा धडा शिकवत होते, मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला: तारू वादळात सापडतं आणि घाबरलेले शिष्य झोपलेल्या येशूला उठवतात. पुठ्ठ्याचं तारू, निळ्या कागदाच्या लाटा, कापसाचे ढग आणि तारवाच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवलेला येशू. आदल्या रात्री साडेअकरापर्यंत जागून ते सगळं कातरलं होतं. वर्ग संपायला आठ मिनिटं उरली होती. बाहेर खुर्च्या कमी पडल्याचा निरोप येऊन गेला होता आणि उपासनेत वाचायच्या सूचनांचा कागद माझ्या दुसऱ्या हातात होता. एका मुलीने हात वर केला.

"टीचर, एवढ्या वादळात येशूला झोप कशी लागली?"

मी म्हटलं, "तो देव आहे ना, बाळा. चला, आता रंग भरायला घ्या. निळा खडू एकच आहे, सगळ्यांनी पुरवून वापरा."

तो प्रश्न नंतर आठवडाभर माझ्या मागे लागला. रात्री मलाच झोप येत नव्हती, म्हणून असेल. एकदा उठून अध्याय पुन्हा वाचला, तर उत्तर तिथेच होतं. दिवसभर तारवात बसून त्याने किनाऱ्यावरच्या लोकांना दाखले सांगितले होते, संध्याकाळ झाली होती आणि शिष्यांनी तो होता तसाच त्याला पलीकडे न्यायला सुरुवात केली होती. होता तसाच, म्हणजे दमलेला. देव असल्यामुळे त्याला वादळ लागलं नाही असं मी मुलांना सांगून मोकळी झाले होते. शास्त्रात मात्र एक दमलेला माणूस पित्यावर भार टाकून गाढ झोपला आहे. त्या मुलीला हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. आठ मिनिटं त्याला पुष्कळ होती.

तोपर्यंत माझी समजूत अशी की माझी भक्ती उत्तम चालली आहे. सभांना हजेरी पूर्ण. कुणी ऐन वेळी "बहीण, प्रार्थनेत पुढे चला" म्हटलं तरी मी तयार. पण घरी, दार लावून, कुणी ऐकत नसताना प्रार्थना केल्याला किती महिने झाले हे आठवायला बसले, तेव्हा आठवेना. पवित्र शास्त्र रोज उघडत होते, तेही पुढच्या धड्यासाठी. एखादं वचन मनाला भिडलं की पहिला विचार यायचा, हे कुठे वापरता येईल? आणि घरच्यांशी माझं वागणं कसं होतं, त्याबद्दल इतकंच सांगते की महिला मंडळात आत्म्याच्या फळावर बोलून मी घरी आले त्या संध्याकाळी घरातले सगळे माझ्यापासून चार हात लांबच वावरत होते. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. फळातले नऊच्या नऊ गुण तोंडपाठ.

यात मंडळीचा दोष किती आणि माझा किती, याचा हिशेब मांडायला मी बसलेली नाही. 'नाही' म्हणायला मला कुणी बंदी केली नव्हती. पण 'नाही' म्हणणाऱ्याकडे आपण कसे बघतो हे आपण सगळेच जाणतो. "पूर्वीसारखा आवेश राहिला नाही त्याच्यात," म्हणतो आणि त्याच्यासाठी प्रार्थना सुरू करतो.

विसाव्याचं नाव काढलं की शब्बाथाचा, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाचा, वाद उभा राहतो: शनिवार की रविवार, नियमशास्त्र की कृपा. त्यात मला शिरायचं नाही. शब्बाथावरून कुणी तुमचा न्याय करू नये, असं प्रेषित पौलाने कलस्सैकरांना लिहून ठेवलंच आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये रविवारी न्यायालयं आणि शहरातली कामं बंद ठेवायचा हुकूम काढला, तेव्हासुद्धा शेतकऱ्यांना मोकळीक द्यावी लागली होती. रुग्णालयात, रेल्वेत, पोलिसांत असणाऱ्यांना आजही रविवार हातात मिळत नाही. आणि पाळकसाहेब, तुम्हाला तर नाहीच नाही. रविवार म्हणजे तुमच्या आठवड्यातला सगळ्यात जड दिवस.

वार बाजूला ठेवून कारण बघू. शब्बाथाची आज्ञा शास्त्रात दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण निराळं आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायातलं कारण उत्पत्तीचं: देवाने सहा दिवसांत सर्व केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायातलं कारण मिसराचं, म्हणजे इजिप्तचं: तू तिथे दास होतास, हे आठव. म्हणून तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझ्या वेशीच्या आतला परका, सगळ्यांनी थांबायचं. दासाला सुट्टी नसते, हे मिसरात चारशे वर्षं काढलेल्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. निर्गमाचा पाचवा अध्याय या दृष्टीने एकदा वाचून बघा. इस्राएल लोक म्हणाले, तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊन आमच्या देवाला यज्ञ करू द्या. मिसराचा राजा फारो म्हणाला, तुम्ही आळशी आहात, म्हणून हे सुचतंय. त्याने पेंढा बंद केला आणि विटांची संख्या तीच ठेवली. विटांचा हिशेब देणारे नायक इस्राएलांपैकीच होते, ही गोष्ट मी इतकी वर्षं वाचून पुढे जात होते. अकरा वर्षं ती वही माझ्याकडे होती, हे वर लिहिलंच आहे.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मान्न्याने, म्हणजे रानात देवाने इस्राएलांना पुरवलेल्या अन्नाने. सीनाय पर्वतावर दहा आज्ञांच्या दगडी पाट्या मिळण्याच्या आधीच, निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात, देवाने लोकांना थांबायची सवय लावायला घेतली होती. रोज त्या दिवसापुरतं गोळा करायचं. कुणी उद्यासाठी राखून ठेवलं तर त्यात किडे पडायचे. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचं आणि तेवढं मात्र सातव्या दिवसापर्यंत चांगलं राहायचं. तरीही काही जण सातव्या दिवशी बाहेर पडलेच आणि हात हलवत परत आले. त्यांना दटावलं गेलं, पण उपाशी ठेवलं गेलं नाही. आदल्या दिवशीचं घरात होतंच. हे चाळीस वर्षं, आठवड्यामागून आठवडा. विश्वासावरची हजार प्रवचनं एका पारड्यात आणि हे दुसऱ्या पारड्यात. 'उद्याचं उद्या देव देईल' हे ती माणसं पोटातून शिकली.

आणखी एक बारीक गोष्ट. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात संध्याकाळ आधी येते आणि सकाळ मागून. इब्री लोकांचा दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो, म्हणजे दिवसातलं पहिलं मोठं काम झोपेचं. आपण सकाळी डोळे उघडतो तोवर देवाचं काम कितीतरी पुढे गेलेलं असतं. हे लक्षात आल्यापासून रात्री नऊनंतर मंडळीच्या ग्रुपवरचे निरोप मी बघणं सोडलं. दोघा-तिघांना तो माझा ताठा वाटला, हे मला कळलं आहे.

आता मुख्य शंकेकडे येते: विसाव्याचा आणि चारित्र्याचा संबंध काय? दमलेला माणूसही प्रामाणिक असू शकतो, प्रेमळ असू शकतो.

१९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे पाळकपणाचं शिक्षण घेणारे चाळीस विद्यार्थी त्यांनी निवडले. प्रत्येकाने एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण द्यायचं. काहींना विषय दिला होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला: लुटारूंनी अर्धमेला केलेल्या माणसाला याजक टाळून पुढे जातो आणि परका शोमरोनी थांबून मदत करतो. वाटेत, एका दाराशी, एक माणूस खाली मान घालून बसलेला, खोकणारा, कण्हणारा. तो प्रयोगकर्त्यांनीच बसवलेला होता. विद्यार्थ्यांपैकी काहींना सांगितलं होतं की अजून वेळ आहे, काहींना की आता निघा, आणि काहींना की तुम्हाला उशीर झालाय, तिकडे लोक वाट बघताहेत. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के त्या माणसाच्या मदतीला आले. मधल्यांपैकी ४५ टक्के. ज्यांना उशीर झाला होता त्यांच्यापैकी १० टक्के. भाषणाचा विषय कुठला, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला ओलांडून पुढे गेले.

चाळीसच माणसं, त्यावर मोठा सिद्धान्त उभारू नये, हे मान्य. पण ती मुलं देवाच्या सेवेला वाहिलेली होती, दाखला त्यांना पाठ होता, आणि फरक पडला तो घड्याळामुळे. दाखल्यातल्या याजकाविषयी मी वर्गात नेहमी सांगत आले की तो कठोर मनाचा होता. हल्ली तसं सांगताना माझी जीभ अडखळते. माझ्या एका हातात तारू होतं आणि दुसऱ्या हातात सूचनांचा कागद.

आपण एखाद्याचं चारित्र्य घडावं म्हणून त्याला आणखी शिकवतो, आणखी सभांना बोलावतो, आणखी जबाबदारी देतो. एलीया संदेष्ट्याचं उदाहरण घ्या, पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावरचा विजय नुकताच झालेला आणि हा गडी रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवाने त्याला बोध केला नाही. त्याच्या विश्वासाचं काय झालं, असंही विचारलं नाही. दूताने त्याला स्पर्श केला, भाकर आणि पाणी दिलं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवून खायला घातलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. मग चाळीस दिवसांची चाल, मग होरेब डोंगर, आणि मग ती शांत, मंद वाणी. आधी झोप, मग अन्न, पुन्हा झोप, पुन्हा अन्न. आपण अशा माणसाला शुक्रवारच्या उपवास-प्रार्थनेला बोलावतो.

मंडळीच्या पुढाऱ्याला असं पत्र लिहिणारी मी पहिली नव्हे, हेही सांगून ठेवते, म्हणजे उद्धटपणाचा आरोप थोडा हलका होईल. इ.स. ११४५ मध्ये क्लेअरव्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड, त्याचा एक जुना शिष्य पोप झाला, तिसरा यूजीन. बर्नार्डने त्याला अभिनंदन कमी आणि इशारे जास्त पाठवले. सकाळपासून रात्रीपर्यंत खटले, गाऱ्हाणी आणि भेटीगाठी यांत बुडून राहिलास तर तुझं मन निबर होईल, आणि निबर मनाची खूण हीच की त्याला स्वतःचं निबर होणं जाणवत नाही, असा त्याचा रोख होता. तू सर्वांचा झालास हे उत्तम, पण त्या सर्वांमध्ये तूही एक माणूस आहेस, मग सगळ्यांना तुझ्यातलं मिळावं आणि तुलाच तेवढं मिळू नये, हे कसं? दुसऱ्या एका प्रवचनात तो कालवा आणि हौद यांचा दृष्टान्त देतो. कालव्यात पाणी आलं की तसंच पुढे निघून जातं. हौद आधी स्वतः भरतो आणि मग ओसंडतो, त्यामुळे दुसऱ्याला देऊनही तो कोरडा पडत नाही. मंडळीत कालवे पुष्कळ झालेत आणि हौद फार थोडे, अशी त्याची तक्रार आहे. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीची.

वडीलजनांपैकी काहींच्या कपाळावरची आठी मला इथून दिसते आहे. "हे सगळं आळसाचं समर्थन आहे. मुंगीकडे जा, असं नीतिसूत्रांत लिहिलंय." लिहिलंय खरं. म्हणून आळसाबद्दलही बोलू, कारण त्याची ओळख पटवण्यात आपली गल्लत होते. चौथ्या शतकात मिसराच्या रानात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने मनाला पडणाऱ्या मोहांचं बारकाईने वर्णन केलं आहे. त्यातला एक मोह भर दुपारी येतो. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. माणूस सारखा खिडकीतून डोकावतो, कुणी भाऊ भेटायला येतोय का ते बघतो. ही खोली नको, हे काम नको, दुसरीकडे गेलो तर देवाची सेवा जास्त चांगली होईल, असं त्याला वाटू लागतं. त्याच वाटेने पुढे गेलेला योहान कॅशियन आणखी एक मार्मिक गोष्ट टिपतो: हा मोह कधी कधी आजाऱ्यांना भेटायला जाण्याचं पुण्यकारक निमित्त घेऊन येतो. आपण ज्याला आळस म्हणतो तो अंथरुणात लोळणारा. त्यांना दिसलेला आळस पायात भिंगरी बांधून फिरतो, कारण एका जागी, देवासमोर, स्वतःसकट बसणं त्याला सोसत नाही. मी कुठल्या जातीची आळशी होते, हे मला त्या वर्णनात सापडलं.

पहिल्यांदा ठरवून अर्धा दिवस मोकळा ठेवला तेव्हा काय झालं, ऐका. पहिल्या तासात मी दोन कपाटं आवरली. नंतर फोन घेतला आणि तो खाली ठेवला तेव्हा उजेड गेला होता. डोळे चुरचुरत होते, मान अवघडली होती आणि मनात कुणाबद्दल तरी उगाच राग साठला होता. फोनवर घालवलेल्या वेळाला विसावा म्हणू नका. माझ्या अनुभवात तरी ती दुसरी पाळीच ठरली. पुढच्या आठवड्यात फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. त्या दिवशी रडू आलं, का ते कळलं नाही. तिसऱ्या आठवड्यात झोपले, दुपारी तीन तास. चौथ्या आठवड्यात कुठे स्तोत्रसंहिता उघडली आणि तेविसावं स्तोत्र, जे मी शेकडो वेळा म्हटलं आहे, त्यात पहिल्यांदाच लक्ष गेलं की मेंढपाळ मेंढराला हिरव्या कुरणात 'बसवतो'. मेंढरू आपण होऊन बसलेलं नाही.

सवयींबद्दल थोडं. मी जे करते ते फार थोडं आहे आणि त्यात माझं नवं काही नाही. सकाळी फोनला हात लावण्याआधी एक स्तोत्र मोठ्याने वाचते, आठवडाभर तेच. ते धड्यात वापरायचं नाही, असा स्वतःशी करार आहे. रात्री दिव्याकडे हात जाण्याआधी दिवसाची उजळणी करते, येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला आपल्या सोबत्यांना शिकवायचा त्या पद्धतीने: आधी उपकार आठवायचे, मग दिवस सकाळपासून पुढे बघत यायचा, देव कुठे जवळ वाटला, मी कुठे पाठ फिरवली, आणि उद्यासाठी एक मागणं. पाच-सात मिनिटं. यातला सगळ्यात बोचरा भाग म्हणजे आपण कुणाशी कसे बोललो हे त्या माणसाच्या चेहऱ्यासकट आठवतं. आणि आठवड्यातला तो अर्धा दिवस.

बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीतून मी एकच गोष्ट उचलली. प्रार्थनेची खूण झाली की हातात जे असेल ते तसंच टाकून निघायचं, असं तो सांगतो. काम पुरं करून निघा, असं नाही. अर्धी ओळ लिहून उठणं मला महिनोन् महिने जमलं नाही. आपण थांबलो तर जग थांबेल असं मला वाटायचं, हे मी कधी तोंडाने म्हटलं नसतं. पण पेन खाली ठेवताना हाताला ते कळायचं. जाता जाता, हाच बेनेडिक्ट आपल्या संन्याशांना हिवाळ्यात अर्ध्या रात्रीहून थोडी जास्त झोप मिळेल, अशा बेताने उठवतो. मठात जितकी झोप मोजून दिली जायची तितकीही आपल्या गायकवृंदातल्या मुलांना नाताळच्या आधी मिळत नाही.

ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना 'एकांत' सांगणं ही थट्टा होईल. त्यांच्यासाठी सतराव्या शतकातला ब्रदर लॉरेन्स बरा. पॅरिसच्या मठात त्याची जागा स्वयंपाकघरात होती आणि भांड्यांच्या गडबडीत देवाशी हळूच बोलत राहायची सवय त्याने लावून घेतली. पण तेवढ्यावर आपण सुटत नाही. अशा घरातल्या बाईला आठवड्यातून दोन तास मोकळी करायला मंडळीतलं कुणी जाऊन बसलं, तर ती सेवा तक्त्यातल्या चौकटीत दिसणार नाही. ती करायला मात्र कुणाचा तरी मंगळवार रिकामा असावा लागतो.

दिवस चुकतात. माझे पुष्कळ चुकले. लंडनच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी सवयींचा अभ्यास केला होता, २०१० मध्ये तो छापून आला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ इतके लागतील असा हिशेब निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मी त्या २५४ वाल्यांच्या जातकुळीतली. कंटाळाही येतो. पुष्कळ सकाळी स्तोत्र वाचून होतं आणि मनात काहीही हलत नाही. साक्ष देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, दर्शन नाही, अश्रू नाहीत. घरातल्या एकाने मध्ये म्हटलं, "हल्ली तू माझं वाक्य पुरं होऊ देतेस." तेवढं आहे.

तर मागणं काय?

तक्ता आखताना या वेळी आधी खोडा. दर महिन्यातला एक आठवडा असा ठेवा, ज्यात रविवारच्या उपासनेखेरीज मंडळीचं काहीही नसेल, आणि तो पवित्र असल्यासारखा सांभाळा. 'फक्त छोटीशी सभा' म्हणून कुणी त्यात घुसवायला आलं, तर बुधवारच्या सभेइतक्याच ठामपणे त्याचं रक्षण करा. उपासनेत शास्त्रवाचनानंतर दोन मिनिटं शांतता द्या. पहिले काही रविवार लोक खोकतील, मागे वळून बघतील, माइक बंद पडला का असं विचारतील. पडू द्या गोंधळ. जो कुणी सलग काही वर्षं एकच सेवा करतो आहे त्याला एक वर्ष सक्तीने मोकळं करा. जमिनीला सातव्या वर्षी विसावा देण्याची आज्ञा लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, आणि तो दिला नाही तेव्हा बाबेलमधल्या बंदिवासाच्या सत्तर वर्षांत जमिनीने आपले शब्बाथ भोगून घेतले, असं इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय म्हणतो. माणसंही भोगून घेतात. कुणी आजारपणाने, कुणी मंडळी सोडून.

"मग कामं कोण करणार?" या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. काही कामं बंद पडतील. इस्राएलांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्याय करत बसलेला पाहून त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, तोंडावर सांगितलं की तू करतोस ते बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. मोशेने ऐकलं. आपल्याकडे इथ्रोसारखा माणूस कमिटीत बोलला असता, तर त्याच्यावरच एका उपसमितीची जबाबदारी टाकली असती.

आणि पाळकसाहेबांचा सोमवार. तो त्यांच्या विसाव्याचा दिवस आहे असं आपण म्हणतो आणि सकाळी साडेसातला त्यांना फोन करतो. मी स्वतः प्रमाणपत्राच्या सहीसाठी केला आहे. परवा ती मुलगी, आता मोठ्या वर्गात गेलेली, पायऱ्यांवर भेटली, तेव्हा तिला दोन वर्षं उशिराने उत्तर दिलं: येशू दमला होता गं, म्हणून झोपला. ती अर्थातच प्रश्न विसरली होती. थोडा विचार करून म्हणाली, "मग त्याला झोपू द्यायचं ना. ते बुडाले थोडेच असते?" तिच्या वर्गशिक्षिकेला मी विचारलं, हे तू शिकवलंस का? ती म्हणाली, नाही. पाळकसाहेबांचा सोमवार ठरवताना या मुलीचं मत विचारात घ्यावं, ही विनंती.

माझ्यापुरतं म्हणाल, तर नव्या वर्षाच्या यादीतून माझं नाव सूचनावाचन, खुर्च्या, महिला मंडळाचा हिशेब आणि नाताळ-समितीतून काढावं. संडे स्कूलचा लहान वर्ग मात्र राहू द्या. तिथला एक प्रश्न माझ्याकडे अजून नीट शिकवायचा राहिला आहे. सामानाच्या कपाटाची किल्ली आणि ती वही कार्यालयात ठेवली आहे.

तुमच्यातलीच एक,
लहान वर्गाची शिक्षिका

ता. क. तक्त्याची बैठक याही वर्षी रविवारी उपासना संपल्या संपल्या, उभ्या उभ्या घेणार असल्याचं ऐकलं. ती दुसऱ्या कुठल्या वारी ठेवता आली तर बघावी. मंगळवार सोडून.